तापाचे नाव आणि रक्ताची साक्ष

एकोणिसाव्या शतकातील वैद्यकीय अहवाल, प्रवासवर्णने किंवा वृत्तपत्रांच्या जुन्या फायली चाळताना अभ्यासकाला ‘डेंगू’ हा शब्द अधूनमधून भेटतो. आजही हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात असल्यामुळे आपण तो सहज वाचून पुढे जातो. अडचण नेमकी तेथेच आहे. शब्द तोच राहिला म्हणून त्याने दाखवलेली वस्तूही तीच राहिली, असे गृहीत धरता येत नाही. बाणभट्टाच्या एका ग्रंथाचे नाव मराठीत साऱ्या साहित्यप्रकाराचे नाव झाले, हे ठाऊक असलेल्या वाचकाला ‘कादंबरी’ या शब्दाचा काळ विचारून मगच अर्थ लावावा लागतो. तापांच्या नावांनाही हाच नियम लागू पडतो. डासांमुळे पसरणाऱ्या विषाणूजन्य तापांचा इतिहास पुष्कळ अंशी नावांच्या गोंधळाचा आणि तो गोंधळ सोडवू पाहणाऱ्या प्रयोगशाळेचा इतिहास आहे.

१७७९मध्ये डच अमलाखालील बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, तापाची साथ आली. तेथील शल्यवैद्य डेव्हिड बायलॉन स्वतःच आजारी पडला आणि त्याने या तापाचे वर्णन लिहून ठेवले. त्याने वापरलेल्या डच नावाचा अर्थ ‘सांध्यांचा ताप’ असा आहे. पुढच्याच वर्षी, १७८०मध्ये, फिलाडेल्फियात बेंजामिन रश याने हाडे मोडून काढणारा ताप पाहिला आणि त्याचे वर्णन १७८९मध्ये छापून आले. मराठीतला ‘हाडमोड्या ताप’ हा शब्द याच अनुभवाचा आहे. १८२३ आणि १८७० या वर्षी झांझिबारमध्ये आलेल्या साथींना तेथील स्वाहिली भाषक ‘डिंगा’ या शब्दाने ओळखत. अकस्मात पेटका आणणारी बाधा, असा त्यामागचा भाव. ‘डेंगू’चे मूळ या शब्दात आहे, असे एक मत आहे, वेस्ट इंडिजमध्ये तो स्पॅनिश शब्दाशी जुळला आणि रूढ झाला, असे मानतात. १८७०ची साथ झांझिबारहून एडनला, तेथून मुंबईला आणि पुढे कलकत्त्यापर्यंत पोहोचली. दफ्तरात नोंद झाली ती ‘डेंगू’ अशीच.

या सर्व नोंदी लक्षणांच्या आहेत. ताप, पुरळ, अंगदुखी, सांधे धरणे एवढेच वैद्याला दिसत होते आणि जे दिसले त्यालाच त्याने नाव दिले. डेंगूचा विषाणू प्रथम वेगळा काढला गेला तो १९४३मध्ये, जपानमध्ये, किमुरा आणि होत्ता यांच्या हातून. महायुद्धाच्या त्याच काळात अल्बर्ट साबिन याने कलकत्ता, न्यू गिनी आणि हवाई येथील अमेरिकन सैनिकांच्या रक्तातून तो मिळवला. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १९५२-५३मध्ये, टांगानिकातील माकोंडे पठारावर एक साथ आली. रोगी वेदनेने वाकून जात. माकोंडे भाषेतील ‘वाकवणारा’ या अर्थाच्या शब्दावरून तिला नाव पडले ‘चिकनगुनिया’. मेरियन रॉबिन्सन आणि लम्सडेन यांनी १९५५मध्ये या साथीचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि रॉस याने तिचा विषाणू वेगळा काढल्याचे १९५६मध्ये जाहीर केले. लक्षणांवरून पाहता हा ताप डेंगूसारखाच होता. विषाणू मात्र निराळ्याच कुळातला निघाला.

येथे इतिहासाचे जुने पान पुन्हा उघडावे लागले. १९७१मध्ये डोनाल्ड केरी याने एका लेखात प्रश्न विचारला: जुन्या दफ्तरातील ‘डेंगू’ खरोखर डेंगूच होता काय? महिनोन्महिने न सुटणारी सांधेदुखी, जी बायलॉनच्या वर्णनात आणि झांझिबारच्या नोंदींत ठळक आहे, ती डेंगूपेक्षा चिकनगुनियाशी अधिक जुळते. त्याचे म्हणणे मानले तर एक विलक्षण गोष्ट समोर येते. ‘डेंगू’ हे नाव ज्या साथींतून रूढ झाले, त्या साथी बहुधा दुसऱ्याच रोगाच्या होत्या. नाव एकाने कमावले आणि ते मिळाले मात्र दुसऱ्याला! पण या तर्कावर अंतिम शिक्का मारता येत नाही. बायलॉनच्या रक्ताचा थेंब कोणी राखून ठेवला नव्हता. मूळ प्रत हरवलेल्या ग्रंथाबाबत संपादकाला जसे संभाव्य पाठावर थांबावे लागते, तसेच येथे थांबावे लागते.

रक्ताची ही साक्ष काढण्याचे काम भारतात ज्या संस्थेने प्रामुख्याने केले ती पुण्यात आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि अमेरिकेचे रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून १९५२मध्ये विषाणू संशोधन केंद्र स्थापन केले. १९७८मध्ये ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाले. त्या काळची परीक्षा समजून घेण्यासारखी आहे. रोग्याच्या रक्तातील सीरम आणि ज्ञात विषाणू एकत्र करून ते मिश्रण उंदरांना टोचत. उंदीर वाचले तर सीरममध्ये त्या विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे आहेत, असा निष्कर्ष निघे. १९५०च्या दशकात दुसरी एक पद्धत रूढ झाली. हे विषाणू हंसाच्या तांबड्या रक्तपेशींना एकत्र चिकटवतात. सीरममध्ये प्रतिपिंडे असतील तर पेशी चिकटत नाहीत. यासाठी रोग्याचे रक्त दोनदा घेत, एकदा ताप असताना आणि पुन्हा दोन-तीन आठवड्यांनी. दुसऱ्या नमुन्यात प्रतिपिंडे चौपट वाढलेली आढळली, तर ती ताज्या संसर्गाची खूण. निदान होईपर्यंत रोगी बरा होऊन कामाला लागलेला असे. या परीक्षेचा उपयोग त्याला फारसा नव्हता. तो त्याच्यानंतरच्यांना होता.

परंतु प्रयोगशाळेची साक्षदेखील उलटतपासणीवाचून स्वीकारता येत नाही. १९५४मध्ये स्मिथबर्न, केर आणि गटणे यांनी भारतातील रहिवाशांच्या सीरमचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तपासलेल्या १९६ जणांपैकी ३३ जणांच्या रक्तात झिका विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे मिळाली. झिका हा १९४७मध्ये युगांडातील त्याच नावाच्या जंगलात, पिंजऱ्यात ठेवलेल्या एका माकडाच्या रक्तातून सापडलेला विषाणू. तेव्हा तो भारतात पूर्वीपासून होता असे म्हणायचे काय? अडचण अशी की डेंगू, जपानी मेंदूज्वर आणि झिका हे एकाच कुळातले विषाणू आहेत. एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्यालाही ओळखीची खूण देऊ शकतात. चिकनगुनिया निराळ्या कुळातला असल्यामुळे त्याला डेंगूपासून वेगळे करणे सोपे. डेंगूला झिकापासून वेगळे करणे मात्र कठीण. त्यामुळे ३३ हा आकडा खरा असूनही त्याचा अर्थ संदिग्धच राहिला. भारतात झिकाचे रुग्ण निश्चितपणे सिद्ध झाल्याचे जाहीर झाले ते २०१७मध्ये, अहमदाबादेतून.

चिकनगुनियाची महाराष्ट्रातील कथा याहून बोलकी आहे. १९६३मध्ये कलकत्त्याला आणि पुढे मद्रास प्रांती त्याच्या साथी आल्या. १९७३मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला मोठी साथ आली आणि तिचा पुण्याच्या संस्थेने अभ्यास केला. त्यानंतर जवळजवळ तीन दशके हा रोग नोंदींतून नाहीसा झाला. २००५च्या अखेरीस तो परतला आणि २००६मध्ये गावेच्या गावे आडवी झाली. त्या वर्षाच्या फेब्रुवारीत नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला होता. त्यामुळे ‘चिकनगुनिया’तील ‘चिकन’शी लोकांनी नाते जोडले. लोकव्युत्पत्ती ही भाषेची स्वाभाविक क्रिया आहे. परंतु येथे तिने घरातील पाण्याच्या उघड्या पिंपाकडे पाहायच्या वेळी लोकांचे लक्ष कोंबडीकडे वळवले.

परतलेला विषाणू मात्र बार्शीचा नव्हता. त्याचा जनुकीय पाठ वाचला तेव्हा कळले की १९६३ ते १९७३ या काळातील विषाणू आशियाई शाखेचा होता, तर हा आफ्रिकी शाखेचा. पुणे जिल्ह्यातील यवत येथे २००० साली डासांतून मिळवलेला विषाणूही याच आफ्रिकी शाखेचा निघाला. म्हणजे साथीच्या पाच वर्षे आधीच तो दारात येऊन उभा होता. नोंदींतील शांतता म्हणजे रोगाची अनुपस्थिती नव्हे, हे यवतच्या डासांनी दाखवून दिले.

२००६च्या ऑक्टोबरपर्यंत देशात साडेबारा लाखांवर आणि महाराष्ट्रात सुमारे २ लाख ५९ हजार संशयित रुग्णांची नोंद झाली. यातील ‘संशयित’ हा शब्द जपून वाचायला हवा. यांतील फार थोड्यांचे रक्त प्रयोगशाळेपर्यंत गेले. आज परीक्षा सुलभ झाल्या आहेत. डेंगूसाठी पहिल्या पाच दिवसांत विषाणूचे एनएस-१ हे प्रथिन शोधतात, त्यानंतर आयजीएम प्रतिपिंडे. पीसीआरने विषाणूचा जनुकीय अंशच हाती लागतो. आयजीएमचे संच पुण्याची संस्था देशभर पुरवते. तरीही चुकीच्या दिवशी घेतलेला नमुना खोटे ‘नाही’ सांगू शकतो. आणि ज्याचा नमुना घेतलाच गेला नाही, तो आपल्या दुखऱ्या सांध्यांसह ‘संशयित’ या एका शब्दात कायमचा राहतो. उद्याच्या इतिहासकाराला तो बायलॉनइतकाच अनिश्चित दिसेल.

जुलै २०२१मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर गावी तापाचे रुग्ण वाढले. पहिले पाच नमुने पुण्याला गेले, त्यांतील तिघांना चिकनगुनिया निघाला. मग संस्थेचे पथक गावात आले आणि ४१ जणांचे रक्त घेतले. त्यांत २५ जणांना चिकनगुनिया, तिघांना डेंगू आणि एका पन्नाशीच्या बाईंना झिका निघाला. त्यांना चिकनगुनियाही होता. महाराष्ट्रातील झिकाची ही पहिली सिद्ध नोंद.

एकच गाव, एकच महिना, सगळ्यांना ताप, आणि त्या तापाच्या पोटात तीन विषाणू. हेच १८७२मध्ये घडले असते तर दफ्तरात एकच शब्द लिहिला गेला असता, आणि आपण तो ‘डेंगू’ म्हणून वाचून पान उलटले असते.