बॅटरीआधी पत्रा

१८९९ च्या वसंतात पॅरिसजवळच्या आशेर इथल्या सरळ रस्त्यावर कामी जनात्सी या बेल्जियन गृहस्थाने ताशी १०५.८८ किलोमीटरचा वेग गाठला. रस्त्यावर ताशी शंभरी ओलांडणारी ती पहिली गाडी, आणि ती विजेवर चालणारी होती. नाव ‘ला जामे कॉन्तांत’. अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या पत्र्याचं, दोन्ही टोकांना निमुळतं. पिंपरीच्या एका प्रेस शॉपमध्ये माझी सगळी नोकरी पत्रा वळवण्यात गेली. त्यामुळे त्या गाडीचा फोटो दिसला की मी आधी तिचा पत्रा बघतो आणि मग हळहळतो. इतकं सुबक अंग, पण चाकं उघडी, चासी उघडी, आणि जनात्सी कमरेपासून वर सरळ वाऱ्यात बसलेला! पत्र्याने वाचवलेलं बरंचसं त्याच्या छातीने घालवलं असणार. पण दिशा बरोबर होती. त्याचा प्रतिस्पर्धी काउंट शास्लू-लोबा यानेही त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या विजेच्या गाडीला निमुळता आकार देऊन ९२.७८ गाठले होते. बॅटरी जड आणि तोकडी, म्हणून विजेच्या गाडीवाल्यांना वाऱ्याचा विचार पहिल्यापासून करावा लागला.

याचं गणित सोपं आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो. पेट्रोलच्या इंजिनात निम्म्याहून जास्त इंधन उष्णतेतच वाया जातं, त्यामुळे वाऱ्याने खाल्लेलं तिथे फारसं नजरेत भरत नाही. विजेची मोटर फारच थोडं वाया घालवते. म्हणून महामार्गावर बॅटरीतून निघालेल्या विजेचा मोठा वाटा हवा बाजूला सारण्यातच जातो.

पेट्रोल स्वस्त झालं आणि हे सगळं मागे पडलं. एडमुंड रुम्प्लरने १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात पाण्याच्या थेंबाच्या आकाराची गाडी आणली. १९७९ मध्ये ती विंड टनेलमध्ये तपासली तेव्हा हवेच्या रोधाचा गुणांक (जितका कमी तितकं चांगलं) ०.२८ निघाला. आजच्या कित्येक गाड्यांना तो जमत नाही, पण तेव्हा गिऱ्हाईक मिळालं नाही. १९७३ च्या तेलटंचाईनंतर पुन्हा जाग आली. फोक्सवागेनमध्ये वोल्फ-हाइनरिश हुखो यांनी चांगली रीत घालून दिली: गाडीचं रूप तसंच ठेवायचं आणि बॉनेटची कड, काचेचा खांब, मागची धार अशी एकेक जागा थोडीथोडी गोल करत मोजत जायचं. कारखान्यात डाय दुरुस्त करताना कडेची त्रिज्या थोडी वाढवणं किती जिकिरीचं असतं, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. १९८२ च्या आउडी १०० ने काचा पत्र्याच्या पातळीत बसवून ०.३० गाठला, तो याच चिकाटीने.

विजेच्या गाडीत ही चिकाटी आणली पॉल मॅक्रिडी यांनी. माणसाच्या पायांच्या ताकदीवर उडणारी विमानं बनवणारा हा अमेरिकन इंजिनिअर. त्यांच्या एरोव्हायरनमेंट कंपनीने जनरल मोटर्ससाठी सनरेसर ही सौर गाडी घडवली. १९८७ मध्ये डार्विन ते ॲडलेड ही सुमारे ३,००० किलोमीटरची शर्यत तिने जिंकली. तिथून १९९० मध्ये ‘इम्पॅक्ट’ हा नमुना आला आणि १९९६ मध्ये ईव्ही-१.

ईव्ही-१ नीट बघण्यासारखी आहे. पोट सपाट झाकलेलं. मागची चाकं पुढच्यांपेक्षा जवळजवळ आणलेली, दोन्ही जोड्यांच्या अंतरात नऊ इंचांचा फरक, म्हणजे गाडी शेपटीकडे निमुळती होत जाते. त्या मागच्या चाकांवर वरून पत्र्यासारखी झाकणं. गुणांक ०.१९. आत शिशाची जड बॅटरी होती आणि तिच्या जोरावर शंभर-दीडशे किलोमीटर जाता येत होतं, ते या अंगामुळे. सुमारे अकराशे गाड्या बनल्या, फक्त भाड्याने दिल्या गेल्या आणि पुढे परत घेऊन बहुतेक चिरडल्या. इतकं नेटकं काम भंगारात गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

ते काम पुढे इतरांनी उचललं. २०२२ मध्ये मर्सिडीजची ईक्यूएक्सएक्स ही प्रायोगिक गाडी एका चार्जवर हजार किलोमीटरच्या वर गेली, तिचा गुणांक ०.१७ आहे. आपल्या रस्त्यांवरच्या विजेच्या गाड्यांतही बंद जाळी, चाकांवरची सपाट कव्हरं, पोटाखालचं प्लास्टिकचं आवरण दिसतं. चाकं आणि त्यांच्या कमानी मिळून एकूण रोधाचा साधारण चौथा हिस्सा खातात, त्यामुळे ती कव्हरं शोभेची नाहीत. पण ‘अलॉय दिसत नाही’ म्हणून लोक ती काढून टाकतात, आणि सर्व्हिसिंगला काढलेलं पोटाखालचं आवरण कधीकधी परत लागतच नाही.

तुमच्याकडे विजेची गाडी असेल आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर नेहमी जाणं असेल, तर चाकांची कव्हरं राहू द्या. टपावरचा कॅरिअर काम झालं की उतरवून ठेवा. आणि सर्व्हिसिंगहून गाडी ताब्यात घेताना एकदा वाकून खाली बघा, सगळे स्क्रू जागेवर आहेत ना.