दोन टक्क्यांच्या आधीची गोष्ट

मी दौंडचा, काम सॉफ्टवेअरचं. आमच्या तालुक्यात कुरकुंभची केमिकल एमआयडीसी, शेजारच्या शिरूरमध्ये रांजणगावची. शाळेच्या भिंतीवर ‘सीएसआर निधीतून’ अशी पाटी दिसली की मला वाटायचं, कंपनीची सामाजिक जबाबदारी म्हणजे हीच.

जरा मागे जाऊ. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवावा लागला. औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळचं माळरान दिलं. तिथे नुसती शेड उभारून भागणार नव्हतं. कामगार राहणार कुठे, पाणी कुठलं पिणार? म्हणून कारखान्याबरोबरच वस्तीही आखावी लागली. तीच किर्लोस्करवाडी.

आता गंमत बघा. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सीएसआरवर खर्चावे लागतात. पण फक्त स्वतःच्या कामगारांसाठी केलेला खर्च त्यात धरत नाहीत. म्हणजे लक्ष्मणरावांनी बांधलेली घरं आज सीएसआरमध्ये बसलीच नसती! स्वतःचं सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्चही बसत नाही; ते तर धंद्याचंच काम.

आणि ते बरोबरच आहे. कुरकुंभ परिसरात विहिरींचं पाणी खराब झाल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं होतायत. शाळेची रंगवलेली भिंत त्या पाण्याची भरपाई करत नाही. २ टक्के नफा झाल्यावर येतात. पाण्याचा हिशोब मात्र कारखान्याच्या पहिल्या नकाशातच हवा.