कानाला न टेकणारा हेडफोन! एकेजी के-१००० वर गाणं ऐकताना नेमकं काय होतं?

हेडफोन म्हटलं की काय आठवतं? कानावर घट्ट बसलेली दोन कुशन, नाहीतर कानात घातलेले इअरबड. पण एक हेडफोन असाही निघाला होता, जो कानाला स्पर्शच करत नाही. डोक्यावर एक सांगाडा, कानशिलांवर टेकलेले छोटे पॅड आणि कानांच्या शेजारी हवेत लटकणारे दोन स्पीकर. हे स्पीकर दाराच्या झडपेसारखे पुढच्या बाजूला उघडतात. घालून बसलेला माणूस दाताच्या दवाखान्यातून पळून आल्यासारखा दिसतो, हे मान्य करायलाच हवं!

याचं नाव एकेजी के-१०००. एकेजी ही मूळची व्हिएन्नाची कंपनी, १९४७ साली सुरू झालेली आणि जगभर मुख्यतः मायक्रोफोनसाठी ओळखली जाणारी. के-१००० बाजारात आला १९८०च्या दशकाच्या अखेरीस. त्याचं उत्पादन बंद होऊन बरीच वर्षं झाली, तरी महागड्या हेडफोनचे शौकीन आजही तो शोधत असतात. तो का शोधतात, हे कळण्यासाठी आधी साध्या हेडफोनची एक अडचण समजून घेऊ.

गाणं डोक्याच्या आत का वाजतं?

समोर दोन स्पीकर ठेवून गाणं लावलं, की उजव्या स्पीकरचा आवाज फक्त उजव्या कानात जात नाही. तो डोक्याला वळसा घालून डाव्या कानातही पोचतो, थोडा उशिरा आणि थोडा मंद होऊन. हा उशीर एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, पण आवाज कुठून आला हे मेंदू त्यावरून ओळखतो. शिवाय कानाच्या पाळीच्या वळ्या-खळग्यांवर आपटून आवाज किंचित बदलतो. त्यावरून आवाज पुढून आला की मागून, वरून की खालून, याचाही अंदाज येतो.

साधा हेडफोन या दोन्ही खुणा बिघडवतो. उजवा आवाज फक्त उजव्या कानात, डावा फक्त डाव्यात, आणि तोही थेट बाजूने. मेंदूला जागा सापडत नाही. मग गायक दोन कानांच्या मधोमध, कवटीच्या आत बसून गातोय असं वाटतं. आपल्याला याची इतकी सवय झालीय की ते विचित्र वाटतही नाही.

के-१०००चे स्पीकर पुढच्या बाजूला उघडले, की आवाज तिरका पुढून येतो, कानाच्या पाळीवर पडतो आणि थोडासा पलीकडच्या कानापर्यंतही जातो. परिणाम चटकन जाणवतो. गाणारा आवाज कवटीतून निघून कपाळाच्या पुढे येतो. फरक सगळ्यात स्पष्ट कळतो तो जुन्या मोनो रेकॉर्डिंगमध्ये. दोन्ही कानांत अगदी एकच आवाज असल्यामुळे साध्या हेडफोनवर ही गाणी डोक्याच्या मध्यबिंदूला चिकटतात. इथे ती सुटतात. सभागृहात केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये वाद्यांमधलं अंतर आणि टाळ्या कुठून येतात तेही कळतं. माणसाचा आवाज, व्हायोलिन, पियानो यांसाठी हा हेडफोन अफलातून मानला जातो. कानावर काहीच नसल्यामुळे घामही येत नाही.

पण म्हणून हा समोर ठेवलेल्या स्पीकरसारखा वाजतो, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मान डावीकडे वळवली की गायिकाही तुमच्याबरोबर डावीकडे वळते! खऱ्या खोलीत असं होत नाही. अ‍ॅपलने २०२०मध्ये एअरपॉड्स प्रोमध्ये आणलेलं स्पेशल ऑडिओ नेमकं हेच सांभाळतं. मान वळली की सेन्सरला कळतं आणि आवाज जागच्या जागी राहतो. के-१०००मध्ये ना सेन्सर, ना चिप. जे काही आहे ते फक्त रचनेतून.

किंमत कुठे मोजावी लागते?

पैशांचं सोडा, पहिली किंमत बेसमध्ये. स्पीकरचा पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. साध्या हेडफोनचं कुशन कानाभोवती हवा कोंडून धरतं, म्हणून बेस टिकतो. इथे सगळं उघडं. ५० हर्ट्झच्या आवाजाची एक लहर जवळपास ७ मीटर लांब असते. ती त्या छोट्याशा स्पीकरच्या कडेवरून सहज मागे वळते आणि पुढची-मागची लहर एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून तबल्याच्या चाटीवरचा बोल लख्ख ऐकू येतो, पण डग्ग्याचा घुमारा निम्माच वाटतो. झडपा कानाजवळ आणल्या की बेस वाढतो, पण गायक परत डोक्यात शिरायला लागतो. दोन्ही एकदम मिळत नाही. डीजेवाली गाणी ऐकणाऱ्यांनी तर याच्या वाटेलाच जाऊ नये.

दुसरी किंमत विजेची. याची संवेदनशीलता आहे १ मिलीवॅटला फक्त ७४ डेसिबल. बरेचसे साधे इअरफोन तेवढ्याच विजेत १०० डेसिबलच्या आसपास जातात. फरक २६ डेसिबलचा वाटतो, पण तेवढाच मोठा आवाज काढायला के-१०००ला सुमारे ४०० पट वीज लागते. मोबाइलला जोडलात तर जेमतेम कुजबुज ऐकू येईल. म्हणूनच त्याची वायर खोलीतल्या मोठ्या स्पीकरसाठी असलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडतात.

तिसरी गोष्ट घरच्यांना विचारा. तुम्ही ऐकताय ते शेजारी बसलेल्यालाही ऐकू येतं, आणि कुकरची शिट्टी तुम्हाला. मग गोंगाट बुडवायला आवाज वाढवण्याचा मोह होतो, तिथे जपा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसांसाठी मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे, आणि आवाज वाढला की हे तास झपाट्याने कमी होतात.

आज कुणी जुना के-१००० विकत असेल तर दोन्ही बाजू सारख्या वाजतात का, हे मोनो गाणं लावून आधी तपासा. गायक मधोमध न राहता एका बाजूला सरकला, तर एक स्पीकर थकलाय असं समजा. मूळ सुटे भाग मिळणं अवघड आहे.

ही कल्पना मात्र पुढे चालू राहिली. २०१९च्या व्हॉल्व्ह इंडेक्स या व्हीआर हेडसेटचे स्पीकरही कानाला न टेकता बाजूला लटकतात. आणि के-१००० घडवणारे हाइन्झ रेनर यांनी पुढे मायस्फिअर नावाचा हेडफोन तयार करण्यात भाग घेतला. त्यातही उघडणाऱ्या झडपा तशाच आहेत, पण भूक बरीच कमी. त्याची १५ ओमची आवृत्ती खिशातल्या प्लेअरवरही चालते.