फणसाच्या फांदीचे तीन तास

सकाळी ८:३०. अपघाताला ३ तास १० मिनिटं.
मे संपत आलेला. फणसाची एक फांदी कौलांवर टेकली होती आणि पावसाआधी ती उतरवा म्हणून आई महिनाभर मागे लागली होती. खोक्यातून विजेची करवत काढली. २००० वॉट, १६ इंची पट्टी. माहितीपुस्तिका खोक्यातच राहिली.

८:५०.
साखळी चढवली ती उलटी. वरच्या बाजूच्या दात्यांची धार पट्टीच्या टोकाकडे हवी, माझी मोटरकडे होती. भाऊजींच्या लक्षात आलं म्हणून बरं. सुलटी घातली, ताण पाहिला. मधोमध धरून ओढली की साखळी जराशी उचलली जावी, पण खाचेतून निसटू नये आणि मोजे घातलेल्या हाताने सरकावी. ऑइल भरलं.

९:३०.
२३० व्होल्टवर २००० वॉट म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर. आमचा एक्स्टेन्शन बोर्ड टेबलफॅनच्या लायकीचा, त्यात निम्मी वायर गुंडाळलेली. दोनच ओंडक्यांत मोटर कण्हायला लागली. गुंडाळीला हात लावला तर चांगलीच तापली होती. भाऊजींनी शेजारून अडीच स्क्वेअरची जाड वायर आणली, पूर्ण उलगडली.

१०:१५.
खळ्यातली सुकी लाकडं लोण्यासारखी कापली गेली. नवी साखळी सुरुवातीला सैलावतेच, म्हणून प्लग काढून पुन्हा ताणली. यंत्र आता बिनचूक होतं आणि तिथेच मी चढून गेलो. पेट्रोलची करवत सतत गुरगुरते, माणूस बिचकून असतो. ही बटण सोडलं की गप्प. स्वयंपाकघरातल्या मिक्सरइतकी घरची वाटायला लागते.

११:२०. उरली २० मिनिटं.
शिडी लावली.
"अरे, झाडवाल्याला बोलवू या."
"भाऊजी, दहा मिनिटांचं काम आहे."
ते मुकाट्याने शिडी धरून उभे राहिले.

११:३८.
करवत खांद्याच्या वर, एकट्या उजव्या हातात. डाव्या हाताने फांदी धरलेली, कारण शिडीवर दुसरा आधारच नव्हता. पिवळा भुसा डोळ्यांवर येत होता, चीक पट्टीला चिकटत होता. चष्मा खाली ओट्यावर.

११:४०.
मी कापत होतो ती फांदी दिसत होती, तिच्यामागची डहाळी नाही. पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा तिला लागला. तिथे दाते लाकडात अडकले की साखळीचा सगळा जोर उलटतो आणि करवत कापणाऱ्याच्या अंगावर उसळते. पुढच्या मुठीसमोरचा आडवा पत्रा याचसाठी असतो: डावं मनगट त्यावर आपटलं की साखळीला ब्रेक लागतो. माझं डावं मनगट फांदीवर होतं. करवत तिथेच आली.

११:४१.
भाऊजींनी आधी प्लग उपटला, मग मला उतरवलं. आईने पंचा घट्ट दाबून धरला तो दवाखाना येईपर्यंत सोडला नाही.

मनगटातल्या दोन कंडरा शिवाव्या लागल्या. करंगळी अजून पुरती मिटत नाही. आठ दिवसांनी झाडवाला आला, वर चढून त्याने स्वतःला आणि फांदीला वेगवेगळे दोर बांधले आणि कोयत्याने तुकड्या-तुकड्याने ती उतरवली. एक कौल फुटलं नाही. मजुरी आठशे रुपये.