गाडीचे इंजेक्टर चोक का होतात? साफ करायचे की थेट बदलायचे?

सिग्नलला उभी असलेली गाडी उगाच थरथरते, सकाळी दोन-तीन सेल्फ मारल्याशिवाय सुरू होत नाही, मायलेजही पडलंय. गॅरेजवाला बॉनेट उघडून सांगतो, "इंजेक्टर गेलेत, बदलावे लागतील." आकडा ऐकून आपल्यालाच धाप लागते! पण बदलायची खरंच गरज असते का?

पूर्वी कार्ब्युरेटर करायचा ते काम आता इंजेक्टर करतो. ही विजेवर उघडझाप करणारी छोटी झडप. इंजिनचा कॉम्प्युटर सांगेल तेव्हा ती काही मिलिसेकंद उघडते आणि इंधनाचा बारीक फवारा सोडते. साध्या पेट्रोल गाडीत हा दाब साधारण 3 ते 4 बार असतो, तर कॉमन रेल डिझेलमध्ये तो 2000 बारपर्यंतही जातो.

गंमत म्हणजे बराचसा थर गाडी चालताना नाही, तर बंद केल्यावर साचतो. इंजिन तापलेलं असतं आणि इंजेक्टरच्या तोंडाशी इंधनाचे एक-दोन थेंब उरलेले असतात. त्यातला हलका भाग उडून जातो, जड भाग तिथेच भाजून चिकट थर बनतो. दुधाच्या पातेल्याला तळाशी करपट धरते ना, तसंच. दिवसातून चार वेळा जवळच्या जवळ गाडी काढणाऱ्यांना म्हणूनच हा त्रास जास्त. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्यांत तर इंजेक्टरचं टोक थेट ज्वलनकक्षातच असतं, तिथे कार्बनही धरतो.

डिझेलचा शत्रू वेगळा: पाणी. त्याने आतले भाग गंजतात. फिल्टर वेळेवर न बदलणं हे खरं महागात पडतं.

नुसता थर असेल तर अल्ट्रासोनिक मशीनवर तो बऱ्याचदा निघतो. पण कॉइल जळली असेल किंवा झडप झिजून इंधन गळत असेल, तर साफसफाईचा उपयोग नाही. अशी गळती अंगावर काढू नका. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, आणि मग खर्च इंजेक्टरचा राहत नाही, इंजिनचा होतो.

त्यामुळे होकार देण्याआधी मशीनवर फवारा तपासून दाखवायला सांगा. बंद असताना इंजेक्टर गळतोय का, हेही तिथेच दिसतं. स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइल खराब असली तरी गाडी अशीच थरथरते, म्हणून तेही बघून घ्या. आणि डिझेलचा नवा इंजेक्टर बसवल्यावर बऱ्याच गाड्यांत त्याचा कोड कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो. तो भरला का, हे विचारूनच पैसे द्या.