नावापुढे वेळ नाही

मागच्या जानेवारीत मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये मी चौतिसाव्या किलोमीटरला थांबलो. थांबलो म्हणजे काय, तर फूटपाथवर बसलो तो पुन्हा पळायला उठलोच नाही. हाजी अली अजून यायचं होतं. पेडर रोडचा तो कुप्रसिद्ध चढ तर त्याच्याही पुढे. एका काकूंनी संत्र्याची फोड हातात ठेवली आणि "बस बाळा, बस थोडं" म्हणाल्या. पस्तिशीतल्या माणसाला कुणी बाळा म्हटलं की समजावं, आपला चेहरा अगदी बघण्यासारखा झालाय!

संध्याकाळी निकाल बघितला. नाव होतं, बिब नंबर होता आणि वेळेच्या जागी तीन अक्षरं : डीएनएफ. डिड नॉट फिनिश.

सोमवारी ऑफिसात टीममधल्या एका ज्युनियर पोराने विचारलं, "काय झालं रे?" हा पोरगा माझं बघून पळायला लागलाय. मी म्हटलं, "गुडघा." गुडघा ठणठणीत होता. खरं कारण वेगळं होतं, ते शेवटी सांगतो.

पुढचे दोन-तीन वीकएंड पळणं बंद. मग रिकामा सुतार काय करणार? मी जुन्या ऑलिंपिक मॅरेथॉनचे निकाल वाचत बसलो. त्यातही जिंकणाऱ्यांचे नाही, तर यादीच्या तळाशी असलेल्या, वेळ नसलेल्या लोकांचे. आपल्यासारखे कोण कोण आहेत ते बघावं, एवढाच हेतू. आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकच्या यादीत एक नाव दिसलं : दातार, भारत. डीएनएफ.

दातार? १९२० साली? ऑलिंपिकमध्ये? मी इंजिनियरिंगची चार वर्षं पुण्यात काढली आणि डेक्कन जिमखान्यावरून रोज बसने गेलो. हे नाव मला तिथे कधी कुणी सांगितलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे ही सगळी गोष्ट सुरू होते ती डेक्कन जिमखान्यावरच.

सर दोराबजी टाटा, म्हणजे जमशेदजींचे थोरले चिरंजीव, १९१९ मध्ये डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते. तरुणपणी इंग्लंडला शिकलेले, तिथल्या मैदानी खेळांचं वेड घेऊन परत आलेले. जिमखान्याच्या क्रीडास्पर्धा बघायला ते गेले आणि जे दिसलं त्याने चक्रावले. मैदान म्हणजे रोलर न फिरवलेलं उंचसखल गवत. शंभर यार्डांची शर्यत चक्क वळणावरून, लेन आखण्यासाठी दोऱ्याही नाहीत. स्पर्धक म्हणजे शेतात राबणारी, साध्या भाकरीवर वाढलेली पोरं. युरोपातले नियम, आधुनिक ट्रेनिंग वगैरे भानगडींचा त्यांना गंधही नव्हता. पण लांब पल्ल्याला ती अनवाणी पोरं ज्या वेळा लावत होती, त्या युरोपातल्या वेळांच्या बऱ्याच जवळ होत्या. दहा वर्षांनी, १९२९ मध्ये, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात दोराबजींनी ही हकीकत स्वतः सांगितली आहे.

दोराबजींनी मनावर घेतलं. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांना गळ घातली, समिती नेमली, पैसे उभे केले, स्वतःचेही घातले. त्या काळच्या बैठकीचा एक किस्सा सांगतात. शंभर मीटरला ऑलिंपिकमध्ये साधारण किती वेळ लागत असेल, असं कुणीतरी विचारलं. समितीतले एक मोठे गृहस्थ म्हणाले, एक ते दोन मिनिटं! तिथे सेकंदाच्या भागांचा हिशोब असतो, हे कळल्यावर ते म्हणे थक्क झाले. खरा-खोटा देव जाणे, पण सुरुवात कुठून होती याची कल्पना येते.

शेवटी सहा जण निवडले गेले. कुस्तीला कुमार नवले आणि रणधीर शिंदे. धावायला बंगालचे पूर्मा बॅनर्जी, आणि लांब पल्ल्यासाठी एच. डी. कैकाडी, बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. चौगुले आणि दातार मॅरेथॉन पळणार होते. (शिंदे कांस्यपदकाची कुस्ती हरले आणि चौथे आले. खाशाबांच्या बत्तीस वर्षं आधी! पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

२२ ऑगस्ट १९२०. अँटवर्पला थंडी, वर पाऊस. अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आपण आज पळतो त्याहून साधारण अर्धा किलोमीटर जास्त. ऑलिंपिकच्या इतिहासातली ही सगळ्यात लांब मॅरेथॉन. फिनलंडचा हानेस कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटं ३५.८ सेकंदांत जिंकला. दुसरा आलेला एस्टोनियाचा लॉसमान फक्त १३ सेकंद मागे होता.

चौगुले एकोणिसावे आले. वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. हा आकडा वाचून मी कॅल्क्युलेटर काढला. किलोमीटरला चार मिनिटं पडतात! ज्यांनी पळून बघितलंय त्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी : माझ्याकडे जीपीएसचं घड्याळ आहे, सात हजारांचे बूट आहेत, खिशात जेलच्या पुड्या असतात. किलोमीटरला चार मिनिटं या वेगाने मी जेमतेम दोन किलोमीटर पळू शकतो, आणि मग मला कुणीतरी धरावं लागतं. चौगुले त्या वेगाने बेचाळीस पळाले.

आता इथे नेहमीचा लेख संपतो. बघा, आपली मातीतली माणसं, ना बूट ना कोच, तरी जगात एकोणिसावी वगैरे. मलाही दोन दिवस असंच वाटत होतं. पण मग प्रश्न पडला, कोलेमाइनेन तरी कोण होता? तो काही लॉर्डाचा मुलगा नव्हता. तो गवंडी होता, विटा रचायचा. मेहनतीत तो चौगुल्यांच्या बरोबरीचाच. पण त्याने १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदकं घेतली होती, नंतर अमेरिकेत राहून तिथल्या रस्त्यांवरच्या शर्यती पळला होता, १९१७ ला बॉस्टन मॅरेथॉनमध्ये चौथा आला होता. म्हणजे मेहनत दोघांकडे होती. कोलेमाइनेनकडे त्यावर आणखी काहीतरी होतं. शर्यत कशी मोडते, कुठे मोडते, हे त्याने अंगावर घेऊन शिकलेलं होतं. अठरा मिनिटांचा सगळा फरक त्यातूनच आला असं मी म्हणणार नाही, पण मोठा वाटा त्याचा असावा.

याच निकालात चौगुल्यांच्या तीनच जागा वर, सोळाव्या नंबरावर, आणखी एक नाव आहे : शिझो कानाकुरी, जपान. चौगुल्यांपेक्षा साधारण दोन मिनिटं आधी पोचलेला. आणि हे नाव तुम्ही बहुतेक ऐकलंय. फॉरवर्डमध्ये येतो ना तो, "मॅरेथॉनमध्ये हरवलेला आणि ५४ वर्षांनी शर्यत पूर्ण करणारा धावपटू"? तोच हा.

फॉरवर्डमधली गोष्ट अर्धी असते. पूर्ण अशी : कानाकुरी टोकियोच्या शिक्षक-महाविद्यालयाचा विद्यार्थी. १९१२ मध्ये स्टॉकहोमला जायला त्याच्या कॉलेजातल्या मुलांनी वर्गणी काढली. जहाज आणि ट्रान्स-सायबेरियन रेल्वे असा अडीच-एक आठवड्यांचा प्रवास. पायात ताबी, म्हणजे अंगठा वेगळा असलेले जपानी कापडी मोजे-बूट. शर्यतीच्या दिवशी पारा ३२ अंशांच्या आसपास. पोर्तुगालचा लाझारो त्या शर्यतीत कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. उन्हाने कातडी भाजू नये म्हणून त्याने अंगाला मेण चोळलं होतं. निम्मेअधिक अंतर कापल्यावर कानाकुरीही उन्हाने कोलमडला. रस्त्याकडेच्या एका घरी लोकांनी त्याला आसरा दिला, सरबत पाजलं, आणि तो संयोजकांना न कळवताच परत गेला. स्वीडनच्या कागदोपत्री तो "बेपत्ता" राहिला, ही गोष्टीतली गंमत. १९६७ मध्ये त्याला बोलावून शेवटची रेषा ओलांडायला लावली आणि वेळ जाहीर केली : ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटं, २०.३ सेकंद.

पण माणूस काही हरवला-बिरवला नव्हता. १९२० ला तो अँटवर्पच्या पावसात आपल्या चौगुल्यांच्या पुढे पळत होता!

मला महत्त्वाची वाटली ती मधली आठ वर्षं. स्टॉकहोमच्या दुसऱ्या दिवशी त्याने डायरीत पराभव लिहून ठेवला. उन्हाचा बहाणा करून सोडून दिलं नाही. ही लाज धुवायची तर मॅरेथॉनचं तंत्र घासून-पुसून शिकावं लागेल, असा त्याचा सूर आहे. मग तो भर दुपारच्या उन्हात मुद्दाम पळू लागला. ताबी बनवणाऱ्या कारागिराबरोबर बसून रबरी तळाचे धावायचे ताबी करवून घेतले. १९१६ चं ऑलिंपिक महायुद्धाने गेलं. १९२० च्या फेब्रुवारीत, अँटवर्पच्या सहा महिने आधी, त्याच्या पुढाकाराने टोकियो ते हाकोने आणि परत अशी कॉलेजांची दोन दिवसांची रिले शर्यत सुरू झाली. पहिल्या वर्षी फक्त चार कॉलेजं होती. एकट्या-दुकट्याला शिकवण्यापेक्षा एका शर्यतीतून डझनावारी धावपटू तयार होतील, हा हिशोब. ही हाकोने एकिदेन आजही २ आणि ३ जानेवारीला होते आणि अख्खा जपान टीव्हीसमोर बसून बघतो. १९५१ मध्ये हिरोशिमाचा एकोणीस वर्षांचा शिगेकी तानाका बॉस्टन मॅरेथॉन जिंकला, तेव्हा त्याच्या पायात अंगठा वेगळा असलेलेच बूट होते.

आणि कानाकुरी स्वतः? १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुन्हा डीएनएफ. तीन ऑलिंपिक मॅरेथॉन, त्यातल्या दोन अर्धवट. तरी जपान त्याला मॅरेथॉनचा जनक म्हणतो.

आपल्याकडे अँटवर्पनंतर काहीच झालं नाही असं नाही. राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या, १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना आली, दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष. संघटना उभी राहिली. पण चौगुल्यांनी पळता पळता काय शिकलं आणि दातार कशामुळे थांबले, हे पुढच्या पोराच्या हातात देणारी हाकोनेसारखी साखळी उभी राहिली नाही. मग आपल्याकडे माणसं सुटी सुटीच येत राहिली. शिवनाथ सिंग १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये अकरावे आले, १९७८ मध्ये जालंधरला २ तास १२ मिनिटं पळाले, आणि तो राष्ट्रीय विक्रम चाळीस वर्षांहून जास्त टिकला. आपण अशा विक्रमाचा अभिमान बाळगतो. मला आता वाटतं, एखादा विक्रम चाळीस वर्षं टिकला तर त्यात त्या माणसाचं मोठेपण आहे आणि बाकीच्या सगळ्यांची नामुष्की.

आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. सिस्टिम पडली की पडली, त्याचं काही नाही. पण कशामुळे पडली हे लिहून न ठेवता नुसतं रीस्टार्ट केलं, तर पुढच्या महिन्यात रात्री दोन वाजता दुसऱ्या कुणाचा तरी फोन वाजतो. हे मी टीमला दर आठवड्याला सांगतो. आणि सोमवारी त्याच टीममधल्या पोराला मी सांगितलं, "गुडघा".

तर खरं कारण. सोळा आठवड्यांचं शेड्यूल मी एक्सेलमध्ये रंगीत करून भिंतीवर लावलं होतं. त्यातले तीस किलोमीटरच्या वरचे तीन लाँग रन होते, मी एकही केला नाही. एकदा रिलीज, एकदा लग्न, एकदा नुसता कंटाळा. सगळ्यात लांब पळालो ते २४. आणि शर्यतीच्या दिवशी पहाटेच्या गार हवेत, बँडच्या आवाजात, सहाच्या वेगाने पळायचं ठरलेलं असताना पहिले दहा किलोमीटर मी पाच-दहाच्या वेगाने मारले. सी लिंकवर फोटोसुद्धा काढले. शरीरातली साठवलेली साखर अशा उधळपट्टीने तिशीच्या पुढे संपते. माझीही संपली. बाकी काही नाही.

शुक्रवारी चहाला त्या पोराला हे सगळं सांगितलं. तो थोडा गप्प बसला, मग म्हणाला, "मीसुद्धा लाँग रन टाळतोय. म्हटलं तू पण नाही केलेस तरी उतरलास ना."

म्हणजे माझा बग त्याच्याकडे ऑलरेडी कॉपी झाला होता.

असो. उद्या पहाटे साडेचारला आम्ही दोघं निघतोय, २८ किलोमीटर. दातार, चौगुले आणि कानाकुरींची गोष्ट त्याला वाटेत सांगेन, वेळ भरपूर आहे. आता झोपतो.