कानोकानी आलेली बातमी : डेट्रॉईटच्या एका गाण्याची कथा

आपल्यापैकी बरीच कुटुंबे डेट्रॉईट परिसरात आली ती मोटारींच्या कारखान्यांमुळे. असेंब्ली लाईन, क्वालिटी कंट्रोल हे शब्द आपल्या घरांत जेवतानाही कानावर पडतात. पण याच पद्धतीने या गावात गाण्यांचाही कारखाना चालत होता, हे आपल्याला बरेच उशिरा कळले, आणि तेही मुलांमुळे!

बेरी गॉर्डी हा तरुण १९५० च्या दशकात लिंकन-मर्क्युरीच्या कारखान्यात कामाला होता. १९५९ मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन त्याने रेकॉर्ड कंपनी काढली. तीच पुढे 'मोटाऊन' म्हणून गाजली. वेस्ट ग्रँड बुलेवार्डवरच्या एका साध्या घरात तिचा स्टुडिओ होता. दर शुक्रवारी तेथे चक्क क्वालिटी कंट्रोलची बैठक भरे आणि कोणते गाणे बाजारात जाणार ते ठरे.

१९६६ मध्ये नॉर्मन व्हिटफील्ड आणि बॅरेट स्ट्राँग यांनी 'आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाईन' हे गाणे रचले. प्रिय व्यक्तीने दगा दिला आणि तो तिच्या तोंडून नव्हे, लोकांकडून कळला, हे त्यातले दुःख. कर्णोपकर्णी पसरणाऱ्या बातमीला अमेरिकेत यादवी युद्धाच्या काळी 'द्राक्षवेलीची तार' म्हणत. तेथून हे शब्द आले.

गाणे प्रथम 'मिरॅकल्स'नी ध्वनिमुद्रित केले. १९६७ च्या वसंतात मार्व्हिन गे यानेही गायले. गॉर्डीने दोन्ही नापास केली. व्हिटफील्डने हट्ट सोडला नाही. त्याच जुलैत डेट्रॉईट दंगलीत पेटले, ४३ माणसे गेली. सप्टेंबरमध्ये ग्लॅडिस नाईट आणि 'पिप्स' यांची नाचायला लावणारी रेकॉर्ड निघाली आणि दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली.

मार्व्हिनचे गाणे १९६८ च्या एका अल्बममध्ये भर घालायला घेतले गेले. पण रेडिओवाले तेच वाजवू लागले! शेवटी ऑक्टोबरमध्ये त्याची स्वतंत्र रेकॉर्ड काढावी लागली. ती अमेरिकेत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. १९६९ मध्ये ब्रिटनमध्येही पहिली आली.

शब्द जवळजवळ तेच, पण ग्लॅडिस जाब विचारते, तर मार्व्हिन आतल्या आत तुटतो. व्हिटफील्डने त्याला मुद्दाम नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत गायला लावले होते. तो ताण आजही ऐकू येतो.

१९७२ मध्ये कंपनी लॉस एंजेलिसला गेली. १९८५ मध्ये त्या घराचे संग्रहालय झाले. आपल्या इंजिनिअर मंडळींनी तेथे जरूर जावे. तपासणीत नापास झालेला मालच कधी कधी सर्वांत टिकाऊ निघतो!

आणखी एक. "उगाच काळजी नको" म्हणून घरचे आजारपण आपल्यापासून लपवतात, आणि ते आपल्याला तिसऱ्याच्याच फोनवरून कळते. तिथे दगा नसतो, मायाच असते. पण त्या क्षणी काळजात जे होते, ते मार्व्हिनच्या आवाजात आहे. म्हणूनच हे परके गाणे आपल्याला परके वाटत नाही.